खडू, वाळू आणि मूल्यमापनाची वही

समुपदेशन शिकणाऱ्या मुलामुलींची एक अडचण बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. क्लायंटसमोर आपण गडबडलो, त्याचा राग आला, त्याच्या बोलण्यातून आपल्याच घरातलं काही वर आलं, हे सगळं ज्या सुपरव्हायझरला मोकळेपणाने सांगायचं, तोच सेमिस्टरच्या शेवटी गुण देणार असतो. इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावर सही त्याची, पुढच्या नोकरीसाठी शिफारसपत्रही त्याचंच. मग विद्यार्थी काय करतो? केस नीटनेटकी मांडतो. क्लायंटचं वय, तक्रार, घरची पार्श्वभूमी, वापरलेलं तंत्र, पुढच्या सेशनची दिशा. ऐकणाऱ्याला वाटतं, छान चाललंय.

हे नुसतं अनुमान नाही. निकोलस लॅडनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अमेरिकेतल्या १०८ प्रशिक्षणार्थी थेरपिस्टांना विचारलं, की सुपरव्हिजनमध्ये तुम्ही काय सांगत नाही. ९७ टक्क्यांहून अधिक जणांनी काही ना काही राखून ठेवल्याचं कबूल केलं, आणि त्यात वरचा नंबर होता तो खुद्द सुपरव्हायझरबद्दलच्या नाराजीचा. २०१० साली लॅडनी यांच्याच सहभागाने झालेल्या दुसऱ्या पाहणीत फक्त एका बैठकीपुरतं विचारलं गेलं. तिथेही सुमारे ८४ टक्के जणांनी काहीतरी झाकलं होतं. ज्यांना सुपरव्हिजनची धास्ती जास्त, ते जास्त झाकत होते; ज्यांचं सुपरव्हायझरशी जमलेलं होतं, ते कमी. चित्रं, वाळू, कोलाज, नाट्य, लेखन ही सगळी मंडळी सुपरव्हिजनच्या खोलीत का शिरली, याचं खरं उत्तर मला या आकड्यांत दिसतं. ‘सर्जनशीलता वाढवणं’ वगैरे कार्यशाळेच्या पत्रकावर शोभतं. मूळ गरज आहे ती न सांगितलेलं टेबलावर आणण्याची.

तसं पाहिलं तर सुपरव्हिजनचा अख्खा इतिहास याच खटपटीचा आहे. १९२० साली बर्लिनमध्ये माक्स आयटिंगॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोविश्लेषणाचा दवाखाना काढला आणि शिकाऊ विश्लेषकाने अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केस हाताळायची रीत तिथे रुळली. तेव्हा हाताशी साधन एकच, विद्यार्थ्याची आठवण. तो जे आणि जसं सांगेल तेवढंच सुपरव्हायझरला कळणार. ओहायोत कार्ल रॉजर्स यांनी सेशनचं ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि ही मक्तेदारी मोडली. १९४२ च्या त्यांच्या पुस्तकात हर्बर्ट ब्रायन या टोपणनावाच्या क्लायंटच्या आठ मुलाखती शब्दन् शब्द छापल्या आहेत. आपण कमी बोलतो, जास्त ऐकतो, अशी खात्री बाळगणाऱ्यांना टेप ऐकवली की भ्रम उतरायचा. पुढे १९६० च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात नॉर्मन केगन यांनी व्हिडिओचा वेगळा उपयोग काढला. टेप लावायची, विद्यार्थ्याने हवं तिथे थांबवायची आणि त्या क्षणी मनात काय चाललं होतं ते बोलायचं. समोरच्याने फक्त विचारायचं. शिकवायचं नाही, गुणदोष काढायचे नाहीत. हा शेवटचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे, तो पुढे पुन्हा लागणार आहे.

दुसऱ्या बाजूने मनोविश्लेषकांनी एक गमतीदार गोष्ट टिपली. हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ साली आणि रुडॉल्फ एकस्टाइन व रॉबर्ट वॉलरस्टाइन यांनी १९५८ च्या पुस्तकात दाखवलं, की क्लायंट थेरपिस्टशी जसा वागतो तसाच थेरपिस्ट नकळत सुपरव्हायझरशी वागू लागतो. क्लायंट सगळ्यावर ‘हो हो’ म्हणून काहीच करत नसेल, तर त्या आठवड्यात विद्यार्थीही सुपरव्हायझरच्या प्रत्येक सूचनेवर मान डोलावतो आणि काही करत नाही. हे टेपवर सापडत नाही, कारण ते शब्दांत नसतंच. बसण्यात असतं, अंतरात असतं, आवाजाच्या पट्टीत असतं. ध्वनिमुद्रणाची हद्द इथे संपते आणि कलामाध्यमांची सुरू होते.

कलामाध्यमांची ही परंपरा वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन मिळाली आहे. व्हिएन्नामध्ये याकोब मोरेनो यांनी १९२० च्या दशकात उत्स्फूर्त नाट्याचे प्रयोग केले आणि त्यातून सायकोड्रामा आला. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ साली मुलांसाठी दवाखाना उघडला, तिथे वाळूचा ट्रे आणि छोटी खेळणी आली. त्यांच्याकडून शिकून स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी त्याला युंगच्या विचारांची बैठक दिली. अमेरिकेत केंब्रिजच्या लेस्ली कॉलेजात १९७४ साली शॉन मॅकनिफ यांनी सगळ्या कलांना एकत्र घेणारा अभ्यासक्रम उभा केला. आणि कॅलिफोर्नियात कार्ल रॉजर्स यांची मुलगी नॅटली रॉजर्स हिने वडिलांच्या व्यक्तिकेंद्रित विचाराला हालचाल, रंग, माती आणि लेखन जोडलं. तिचं ‘द क्रिएटिव्ह कनेक्शन’ १९९३ चं. तिची पद्धत साखळीची: आधी अंग हलवा, मग त्याच भरात रंग घ्या, मग चित्राकडे बघत न थांबता लिहा. एका माध्यमात अडलेलं दुसऱ्यात सुटतं, असा तिचा अनुभव.

रॉजर्स घराण्यापाशी जरा थांबायला हवं, कारण या विषयातली सगळ्यात अवघड गाठ तिथेच आहे. कार्ल रॉजर्स यांनी १९५४ च्या एका निबंधात सर्जनशीलतेच्या अटी मांडल्या होत्या. माणसाला बिनशर्त स्वीकार हवा, समजून घेणारं कुणीतरी हवं आणि बाहेरून होणारं मूल्यमापन नको. चांगलं-वाईट ठरवण्याचा काटा त्याच्या स्वतःच्या आत हवा. मुलीने तीच चौकट पुढे नेली. आता ही अट घेऊन समुपदेशनाच्या विभागात जा. तिथे बाहेरचं मूल्यमापन ही अडचण नसून व्यवस्थेचा पायाच आहे. सुपरव्हायझर हा क्लायंटच्या बाजूने उभा असलेला पहारेकरीही असतो. अपात्र विद्यार्थ्याला थांबवणं हे त्याचं कर्तव्यच आहे. म्हणजे ज्या वातावरणात कला फुलते असं तिचे पुरस्कर्ते सांगतात, ते वातावरण सुपरव्हिजन व्याख्येनेच देऊ शकत नाही. या विषयावरचं बरंचसं लेखन हा पेच एका वाक्यात उरकून पुढच्या तंत्राकडे वळतं. ते मला पटत नाही.

समुपदेशनाच्या शिक्षणात हे साहित्य साधारण १९९० नंतर दाटलं. ऑस्ट्रेलियाच्या वॉरन लेट यांनी १९९५ साली बोलता बोलता चित्र काढण्यावर आधारलेल्या सुपरव्हिजनचं वर्णन केलं. इस्रायलच्या मूली लहाद यांचं ‘क्रिएटिव्ह सुपरव्हिजन’ २००० साली आलं. २००५ मध्ये न्यूसम, हेंडरसन आणि व्हीच यांनी गटातल्या सुपरव्हिजनमध्ये कलामाध्यमं वापरून विद्यार्थ्यांची स्वतःबद्दलची जाणीव आणि गटाची एकी कशी वाढवता येते ते मांडलं. जनीन बर्नार्ड यांनी १९७९ साली सुपरव्हायझरच्या तीन भूमिका सांगितल्या होत्या: शिक्षक, समुपदेशक, सल्लागार. रिबेका कोल्ट्झ यांनी २००८ मध्ये याच चौकटीत सर्जनशील तंत्रं बसवून दाखवली. सेरा डीव्हर आणि गॅरेट मॅकॉलिफ यांनी इंटर्नशिपच्या काळात विद्यार्थ्यांना चित्रांची रोजनिशी ठेवायला लावून त्यांच्या अनुभवांचा अभ्यास केला. सेशननंतर थेरपिस्टने स्वतः काढलेल्या चित्रावर बार्बरा फिश यांनी पुस्तकच लिहिलं, २०१७ साली. उपमा-रूपकांवर वेगळं लेखन आहे. त्यात नवं फारसं नाही, चांगले शिक्षक ते आधीपासून करत आले आहेत.

या सगळ्यात मला वाळूचा ट्रे सर्वांत उपयोगी वाटतो. तो प्रत्यक्ष कसा चालतो ते पाहू. समजा, पुण्यातल्या एखाद्या संस्थेत एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी सोळा वर्षांच्या मुलाची केस घेऊन आली आहे. मुलगा कॉलेजला जायचं नाही म्हणतो, आई त्याला घेऊन येते. तीन सेशन झाली, मुलगा बोलत नाही. सुपरव्हायझर म्हणते, केस सांगू नकोस, मांड. ट्रे निळ्या तळाचा, वाळू खाली सारली की पाणी दिसतं. शेजारी टोपलीत भातुकलीची भांडी, प्लॅस्टिकचे प्राणी, बटणं, शंख, काडेपेटी, तुटलेली किल्ली. मुलगी मुलासाठी कासव उचलते आणि कोपऱ्यात अर्धं पुरते. आईसाठी कुकर, ट्रेच्या मधोमध. वडिलांसाठी काहीच नाही. ‘ते येतच नाहीत’ म्हणते. मग हात झटकते. सुपरव्हायझर एवढंच विचारते, ‘तू कुठे?’ मुलगी एक पिवळं बटण घेते, कासवाजवळ नेते, थांबते आणि कुकरच्या मागे ठेवते. ‘मॅडम, मी इथून बोलते त्याच्याशी.’

इथे दोन गोष्टी घडल्या. पहिली, मुलीने जे तोंडाने कधीच सांगितलं नसतं ते तिच्याच हाताने सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ते तिलाच दिसलं. दुसरी जास्त महत्त्वाची: सुपरव्हायझरने कासवाचा अर्थ सांगितला नाही, कुकरवर शेरा मारला नाही. एक प्रश्न विचारला आणि गप्प बसली. त्यानंतर ती म्हणू शकते, यातली एकच वस्तू हलव आणि बघ काय होतं. पण खरं काम त्याच्याही पुढे आहे. त्याच दिवशी त्या तिसऱ्या सेशनचं रेकॉर्डिंग लावायचं आणि पहिल्या दहा मिनिटांत कोण किती बोललं, प्रश्न कुणाच्या तोंडून आले, मुलाच्या वतीने उत्तर कुणी दिलं ते ऐकायचं. ट्रेमधलं बटण हा तर्क आहे. टेप हा पडताळा. कलामाध्यमांचे काही उत्साही समर्थक टेपला रुक्ष म्हणून बाजूला ठेवतात. त्यांच्या हाती मग सुंदर मांडणी उरते आणि मुलगा चौथ्या सेशनलाही गप्पच राहतो.

लहाद यांची सहा भागांची गोष्ट यापेक्षा स्वस्त. एका कागदाला घड्या घालून सहा चौकटी करायच्या. एकीत नायक, दुसरीत त्याचं काम, तिसरीत मदतीला कोण, चौथीत अडथळा, पाचवीत तो त्याला कसा तोंड देतो, सहावीत पुढे काय. मूळ उपयोग संकटात सापडलेल्या माणसांची तग धरायची ताकद ओळखण्यासाठी. लहाद यांचं काम उत्तर इस्रायलच्या किर्यात श्मोना या सीमेवरच्या, वारंवार मारा सोसलेल्या गावाशी जोडलेलं आहे. सुपरव्हिजनमध्ये विद्यार्थी एखाद्या केसपाशी अडला की हीच गोष्ट केसबद्दल न म्हणता रचायला सांगतात. मदतीची चौकट रिकामी राहते का, हे बघण्यासारखं असतं. अडथळ्याच्या चौकटीत चष्मा लावलेली, हातात वही असलेली आकृती निघाली, तर सुपरव्हायझरने हसून घ्यावं आणि मग नीट विचार करावा.

खुर्ची बदलण्याचं तंत्र, म्हणजे विद्यार्थ्याने क्लायंटच्या जागी बसून क्लायंट म्हणून बोलणं, हे मोरेनोंचं देणं. त्याला साहित्य लागत नाही, वेळ थोडा लागतो आणि क्लायंटची बाजू कळण्यासाठी त्याच्याइतकं थेट दुसरं काही नाही. संगीत आणि हालचाल यांवर समुपदेशनाच्या सुपरव्हिजनसंदर्भात तुलनेने कमी लिहिलं गेलंय. डान्स थेरपी, म्युझिक थेरपी शिकणाऱ्यांच्या वर्तुळात ते आहे, पण तिथे माध्यम हेच शिकण्याचं कौशल्य असतं. तो मामला वेगळा.

पुरावा किती? स्पष्ट सांगायचं तर पातळ. बहुतेक लेख तंत्राचं वर्णन करणारे आहेत. जे अभ्यास आहेत ते लहान गटांचे, गुणात्मक, आणि अनेकदा शिकवणाऱ्याने आपल्याच विद्यार्थ्यांवर केलेले. विद्यार्थी म्हणतात, स्वतःबद्दल कळलं, गटात जवळीक आली, क्लायंटकडे वेगळ्या नजरेने पाहता आलं. म्हणणारच, समोर बसलेल्या सरांनी स्वतः आखलेल्या उपक्रमाबद्दल विद्यार्थी दुसरं काय म्हणणार? ज्या लपवाछपवीपासून आपण सुरुवात केली ती इथे संशोधनातही घुसते. चित्र काढणाऱ्या गटात विद्यार्थी खरोखर जास्त उघड करतात का, आणि त्यांच्या क्लायंटना त्याने काही फरक पडतो का, हे दोन प्रश्न तोलामोलाच्या तुलनेने तपासायला हवेत. अर्थात क्लायंटला होणाऱ्या फायद्याच्या कसोटीवर एकूण सुपरव्हिजनचाच पुरावा फारसा मजबूत नाही, तेव्हा एकट्या वाळूला दोष देण्यात अर्थ नाही.

पुराव्यापेक्षा मला धोक्याची जास्त काळजी वाटते. चित्रात माणूस त्याने संमती दिलेल्यापेक्षा जास्त सांगून बसतो. शब्दांत आपण जपून चालतो. कुकरच्या मागे बटण ठेवताना जपत नाही. समजा त्या मुलीची स्वतःची आईही ट्रेच्या मधोमध बसणारी निघाली. आता सुपरव्हायझरने काय करायचं? अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनची २०१४ ची आचारसंहिता सांगते, की सुपरव्हायझरने विद्यार्थ्याचं समुपदेशन करू नये. म्हणजे तो धागा केसशी जिथवर संबंधित आहे तिथवरच धरायचा आणि बाकीच्यासाठी तिला दुसऱ्या थेरपिस्टकडे जायला सुचवायचं. सांगायला सोपं. गटात दहा जण बघत असताना आणि मुलीच्या डोळ्यांत पाणी आलेलं असताना तो कात्रीचा क्षण भल्याभल्यांना साधत नाही.

आपल्याकडे आणखी एक खास धोका आहे. मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये चित्रं वाचायला शिकवतात. घर-झाड-माणूस ही जॉन बक यांची १९४८ सालची चाचणी किती जणांच्या जर्नलमध्ये असेल! दार बंद म्हणजे अमुक, झाडाच्या खोडाला ढोली म्हणजे तमुक. अशा अर्थांची विश्वासार्हता संशोधनात फार पूर्वीच डळमळली, तरी सवय जात नाही. असा सुपरव्हायझर विद्यार्थ्याचं चित्र पाहतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत निदान उतरतं, आणि विद्यार्थ्याला ते दिसतं, कारण त्यानेही तेच जर्नल लिहिलेलं असतं. मग पुढच्या वेळी दार उघडं काढलं जातं, सूर्य हसरा, झाडाला पानं भरपूर. कला आली आणि लपवाछपवी तशीच राहिली, फक्त रंगीत झाली.

महाराष्ट्रात चित्राशी मूल्यमापनाचं नातं तर शाळेपासूनचं. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना बसलेली आणि न बसलेली, अशी वर्गात सरळ दोन गटांची विभागणी असायची. तिशीतली समुपदेशनाची विद्यार्थिनी क्रेयॉन हातात घेताच ‘मला चित्र येत नाही’ म्हणते ते याच आठवणीतून. म्हणून सुरुवात कागद-रंगांनी करू नये असं माझं मत. वस्तू द्याव्यात: बटणं, सुपाऱ्या, जुन्या मासिकांची कात्रणं, बिया. सुपारी कुठे ठेवायची याला ग्रेड नसते.

उलट एका बाबतीत ही माध्यमं आपल्याकडे अमेरिकेपेक्षा जास्त कामाची ठरू शकतात. आपला विद्यार्थी सेशन मराठीत घेतो, कधी वऱ्हाडीत, कधी हिंदी-मराठीच्या सरमिसळीत. केस रिपोर्ट मात्र इंग्रजीत लिहितो, चर्चाही अर्ध्याहून जास्त इंग्रजीत करतो. या वाटेत क्लायंटचा आवाज गळतो. सासू जेवताना ताटाकडे बघत बसते, हे रडू आवरत सांगणारी बाई रिपोर्टमध्ये फक्त ‘कौटुंबिक कलह’ होते. ट्रेवर ताट आणि त्याकडे तोंड करून बसवलेली बाहुली ठेवली, की ते ताट खोलीत परत येतं. मग त्याबद्दल मराठीत बोलावंच लागतं.

यासाठी वेळ लागतो आणि वेळेचीच इथे मारामार आहे. अमेरिकेत कॅक्रेप या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमात १०० तासांचं प्रॅक्टिकम आणि ६०० तासांची इंटर्नशिप असते. त्या काळात दर आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक किंवा दोघांसोबतचं आणि दीड तास गटातलं सुपरव्हिजन बंधनकारक आहे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे १९९२ च्या कायद्याखाली होते. समुपदेशकांना तसं कायदेशीर छत्र बराच काळ नव्हतं. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात वर्तन-आरोग्याचे व्यवसाय आले, अंमलबजावणी सावकाश चालू आहे. तोवर किती तास सुपरव्हिजन द्यायचं हे प्रत्येक विभाग आपल्या मगदुराप्रमाणे ठरवतो. एका शिक्षकाकडे पंचवीस विद्यार्थी असतील, तर ट्रे नव्हे, केस ऐकायलाच उसंत नसते. अशा ठिकाणी ‘एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स’ची एकदिवसीय कार्यशाळा भरवून फोटो विभागाच्या पानावर टाकले जातात. त्याला सुपरव्हिजन म्हणू नये.

फोटोंचं निघालंच आहे म्हणून. ट्रेमध्ये क्लायंट असतो, भले कासवाच्या रूपात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि छोट्या शहरात ‘सोळा वर्षांचा मुलगा, आई, न येणारे वडील’ एवढ्यावर माणूस ओळखता येतो. ट्रेचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाता कामा नये. मांडणी विद्यार्थ्यानेच मोडावी, चित्र त्यानेच न्यावं किंवा फाडावं, आणि फाइलमध्ये चित्र न लावता त्यातून केसबद्दल काय ठरलं त्या दोन ओळी लिहाव्यात.

आणि गुणांचं काय? केगन यांनी टेपपाशी बसणाऱ्याला मूल्यमापनापासून दूर ठेवलं होतं, तोच मार्ग इथे धरता येतो. विभागात दोन शिक्षक असतील तर एकाने कलामाध्यमांचा गट घ्यावा आणि दुसऱ्याने टेप ऐकून, केस रिपोर्ट वाचून गुण द्यावेत. क्लायंटच्या जिवाला धोका किंवा उघड गैरवर्तन सोडून पहिल्याने दुसऱ्याला काही सांगू नये. हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी लेखी द्यावं. एकच शिक्षक असेल, आणि बहुतेक ठिकाणी एकच असतो, तर गटासाठी बाहेरच्या कुणाला महिन्यातून एकदा बोलवावं. तेही जमणार नसेल, तर त्याने टोपली बाहेर काढू नये. विद्यार्थ्यासोबत बसून टेप लावावी आणि हवं तिथे थांबवायचं बटण त्याच्या हातात द्यावं.